पुढचं मडगार्ड

पायसांदूला, उरुग्वे नदीच्या काठी,
वॉशिंग्टन सिल्वेराच्या शेडमध्ये मी रंग ढवळायचे.
पगार थोडा, थिनरचा वास भरपूर.
तिथे एका सोमवारी ओफेलिया एचेव्हेरी आल्या:
कडेवर मूल घ्यावं तशी मोटरसायकलची टाकी,
दुसऱ्या हातात नवंकोरं मडगार्ड, प्रायमरने राखी.
जुनं गुइचोनच्या रस्त्यावर गेलं.
"कार्पिंचो आडवा आला," त्या म्हणाल्या.
"त्याला काही झालं नाही.
शिरला पाण्यात, मागे वळूनसुद्धा न बघता."

बेचाळीस वर्षं त्या याच गाडीवरून
रानातल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत हिंडल्या.
"याला हिचा रंग द्या," म्हणाल्या, टाकी टेबलावर ठेवून.
हिचा म्हणजे कुठला?

वॉशिंग्टनने शेडकार्ड उघडलं. नुसत्या लालचीच चार पानं.
त्या बोटाने एकेक खोडत गेल्या:
हा आगीच्या बंबाचा.
ही लिपस्टिक, आणि तीही दुसऱ्याच बाईची.
हा बरा आहे, पण फार बोलतो.

मग त्याने न विचारता
टाकीच्या कुशीतलं गुडघ्याचं रबर पात्याने उचकटलं.
खाली तळहाताएवढा तुकडा,
ऊन न लागलेला,
इतका लाल की माझं ढवळणं थांबलं.
"हा खरा," तो म्हणाला, "कारखान्यातून निघाला तो."
ओफेलियाबाईंनी चष्मा वर सरकवला, वाकल्या,
एकदाच अंगठा फिरवला.
इतकी वर्षं तो झाकून ठेवणारा गुडघा त्यांचाच.
"याला मी एक उन्हाळा ओळखत होते," म्हणाल्या.
"रबर चिकटवून टाका."

पुढचे चार दिवस आमचे त्यात गेले.
नवं करणं सोपं, डब्यावर नंबर असतो.
विटण्याला नंबर नाही.
पांढरा घातला तर लाल गुलाबी होऊन लाडात आला,
काळा घातला तर तोंड पाडून बसला.
गेरूचा एक चमचा, हिरव्यात बुडवलेलं सुईचं टोक,
पुन्हा थोडा गेरू.
वॉशिंग्टन चिडून म्हणायचा,
ऊन रंगात काही घालत नाही गं, काढून नेतं,
आणि आपल्याकडे तर नुसते घालायचे डबे.

ओला रंग खोटं बोलतो. म्हणून वाळेपर्यंत माते पीत बसायचं.
ट्यूबलाइटखाली सख्खं वाटलेलं कार्ड
दारात नेलं की सावत्र व्हायचं.
दुपारी बाराला जुळायचं,
सहाला नदीवरून तिरपं ऊन आलं की पुन्हा भांडण.
शुक्रवारी अकरावं कार्ड टाकीवर ठेवलं
आणि मला ते सापडेना.

शनिवारी त्या न्यायला आल्या.
मडगार्ड टाकीशेजारी धरलं, लांबून पाहिलं,
उन्हात नेऊन पाहिलं, चकार शब्द नाही.
पैशांवरून मात्र चांगली अर्धा तास घासाघीस.
जाताना वॉशिंग्टनला राहवलं नाही.
"एक सांगून ठेवतो. हे नवं लॅकर ऊन आत येऊ देत नाही.
मडगार्ड आहे तिथेच थांबेल,
टाकी पुढे जात राहील.
दहा वर्षांनी जुळायचे नाहीत दोघं."
"दहा वर्षांनी?" त्यांनी पाकीट टचकन बंद केलं,
माझ्याकडे हनुवटी उडवली.
"तेव्हा ही पोरगी बघेल."

पाव डबा रंग उरला.
उरलेल्या रंगावर नाव घालायचं, हा शेडचा नियम.
मी लिहिलं: लाल.
त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली जोडलं:
वापरातला.

डबा अजून माझ्या फळीवर आहे.
झाकण असं बसलंय
की उघडायचं तर स्क्रूड्रायव्हर लागेल.